पोर्ट फॉरवर्डिंग: राउटरमध्ये नियम टाकण्याआधी काय करायचं आणि नंतर काय तपासायचं

राउटरमध्ये नियम टाकला, सेव्ह केला, तरी बाहेरून काहीच उघडत नाही. मग तोच नियम पुसून पुन्हा टाकला जातो, राउटर बंद-चालू होतो आणि शेवटी वैतागून डीएमझेड (एका मशीनचे सगळे पोर्ट बाहेर उघडणारी सेटिंग) सुरू केलं जातं. बहुतेक वेळा नियम पहिल्यांदाच बरोबर असतो. चूक राउटरच्या अलीकडे असते किंवा पलीकडे.

म्हणून इथला क्रम असा: मुळात हे तुमच्या कनेक्शनवर शक्य आहे का ते आधी पाहायचं, मग आतून बाहेर यायचं. म्हणजे आधी सेवा, मग ती चालवणारं मशीन, मग राउटर आणि शेवटी बाहेरून चाचणी. प्रत्येक टप्प्याशेवटी एक तपासणी आहे. ती जमल्याशिवाय पुढे गेलात, तर नंतर चूक कुठे आहे हे शोधायला एकाच वेळी चार जागा होतात.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच मांडणी धरू: घरातल्या एका कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर, पत्ता १९२.१६८.१.५०, पोर्ट (मशीनवरची कोणती सेवा हवी ते सांगणारा क्रमांक) २५५६५, प्रोटोकॉल (बोलण्याची ठरलेली पद्धत) टीसीपी. वेब सर्व्हर असो की व्हीपीएन, आकडे बदलतात, क्रम तोच राहतो.

## नियम नेमकं काय करतो

घरातली सगळी डिव्हाइस बाहेर एकाच पब्लिक पत्त्याने दिसतात. आतून एखादी विनंती बाहेर गेली की राउटर आपल्या तक्त्यात नोंद करतो: कोणत्या डिव्हाइसने, कोणत्या पोर्टवरून, कोणाला विचारलं. उत्तर आलं की ती नोंद पाहून योग्य जागी पोचवतो. पण कोणीही न मागता बाहेरून पॅकेट (माहितीचा तुकडा) आलं तर त्याची नोंद सापडत नाही आणि राउटर ते टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या तक्त्यातली कायमची नोंद: २५५६५ वर टीसीपी पॅकेट आलं तर त्यावरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.५० कर आणि आत पाठव.

राउटर सहसा फक्त 'कोणाकडे' हा पत्ता बदलतो. 'कोणाकडून' हा पत्ता तसाच ठेवतो. त्यामुळे आतल्या मशीनला समोरचा माणूस परक्या नेटवर्कमधलाच दिसतो आणि मशीनची फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी सुरक्षा) त्याला तसंच वागवते. शिवाय उत्तर त्याच राउटरमधून परत जावं लागतं, कारण पत्ते उलटे बदलण्याची नोंद त्याच्याकडेच असते. पुढच्या निम्म्याहून जास्त अडचणी याच दोन गोष्टींतून येतात.

आणखी एक: नियम टाकल्याने पोर्ट आपोआप 'उघडा' होत नाही. मागे ऐकणारा प्रोग्रॅम नसेल तर बाहेरून तो बंदच दिसतो.

## टप्पा १: खरा पब्लिक पत्ता आहे का

राउटरच्या सेटिंगमध्ये जा. त्याचा पत्ता म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क माहितीत डिफॉल्ट गेटवे म्हणून दिसतो तो. तिथे स्टेटस किंवा इंटरनेट या भागात वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) लिहून घ्या. मग त्याच नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरवर, व्हीपीएन बंद ठेवून, 'माझा आयपी काय' असं सांगणारी एखादी साइट उघडा. तिथे आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता दिसला तर तो सोडा; तुलना चार आकड्यांच्या आयपीव्ही४ पत्त्याची करायची आहे.

दोन्ही पत्ते सारखे असतील तर पुढच्या टप्प्यावर जा. वेगळे असतील तर वॅन आयपीचा आकडा नीट पाहा.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणारा पत्ता असेल तर तुम्ही सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सामायिक नॅटमागे (नॅट म्हणजे वर सांगितलेली, एका पब्लिक पत्त्यामागे अनेकांना ठेवणारी पत्ते-बदल) आहात, ज्याला सीजीनॅट म्हणतात. नुसता १०० दिसला म्हणून घाबरू नका, १००.२० ने सुरू होणारा पत्ता या पट्ट्यात येत नाही. पत्ता १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर दोन शक्यता उरतात: कंपनीचं नॅट, किंवा तुमच्याच घरात पुढे बसलेला दुसरा राउटर.

दुसरी शक्यता फार जणांच्या लक्षात येत नाही. कंपनीने बसवलेला फायबरचा डबा बऱ्याचदा स्वतःच राउटर असतो आणि त्यामागे आपण आपला वायफाय राउटर किंवा मेश संच जोडतो. ओळखायचं कसं? आपल्या राउटरच्या वॅन माहितीत त्याचा स्वतःचा गेटवे दिलेला असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. त्या डब्याचं लॉगिन पान उघडलं तर डबल नॅट (एकामागे एक दोन राउटर) तुमच्या घरातच आहे आणि ते तुम्हाला सोडवता येतं.

उपाय तीन. तुमचा वायफाय राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (तो फक्त वायफाय देतो, राउटरचं काम करत नाही) टाकून नियम पुढच्या डब्यात लिहिणं सगळ्यात सोपं. पुढचा डबा ब्रिज मोडमध्ये (तो राउटर न राहता कनेक्शन फक्त पुढे देतो) टाकणं जास्त स्वच्छ. दोन्ही जमत नसेल तर दोन ठिकाणी नियम: डब्यातून तुमच्या राउटरच्या वॅन पत्त्याकडे आणि तिथून कॉम्प्युटरकडे. हे चालतं, पण सहा महिन्यांनी यातला एक नियम हमखास विसरला जातो.

सावधान: ब्रिज मोड करण्याआधी कनेक्शनचं पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करण्याची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन क्रमांक हाताशी ठेवा. ब्रिज झाल्यावर हे सगळं तुमच्या राउटरला द्यावं लागतं. ते नसेल तर इंटरनेटच जाईल.

सीजीनॅट असेल तर तुमच्या बाजूची कोणतीही सेटिंग उपयोगाची नाही, कारण नोंद करायचा तक्ता कंपनीच्या यंत्रात आहे. कंपनीकडे पब्लिक आयपी मागा, आयपीव्ही६ चा विचार करा, किंवा आतून बाहेर जोडणी करणारा मार्ग घ्या: टेलस्केलसारखं मेश व्हीपीएन, किंवा भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा बोगदा.

तपासणी: राउटरचा वॅन आयपी आणि बाहेरून दिसणारा आयपी तंतोतंत सारखे. दोन नियमांचा मार्ग घेतला असेल तर ही जुळणी पुढच्या डब्याच्या वॅन आयपीशी करायची.

## टप्पा २: सेवा घरातल्या घरात चालते का

आधी प्रोग्रॅम खरोखर ऐकतोय का ते पाहा. विंडोजवर नेटस्टॅट आणि लिनक्सवर एसएस या कमांडने ऐकणाऱ्या पोर्टची यादी मिळते. यादीत २५५६५ समोर ०.०.०.० असेल तर प्रोग्रॅम सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय. चार शून्यांऐवजी चौकटी कंसात दोन अपूर्णविराम दिसले तरी बहुतेक वेळा अर्थ तोच. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःच्याच मशीनवरून येणाऱ्या विनंत्या घेतो. अशा वेळी राउटरमध्ये काहीही केलं तरी व्यर्थ; प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ऐकण्याचा पत्ता बदलावा लागेल.

माइनक्राफ्ट सर्व्हरच्या फाइलमध्ये सर्व्हर आयपीची ओळ असते. ती रिकामी ठेवायची. तिथे पब्लिक आयपी टाकला तर सर्व्हर सुरूच होत नाही, कारण तो पत्ता कॉम्प्युटरचा नसून राउटरचा आहे.

आता घरातल्याच दुसऱ्या डिव्हाइसवरून १९२.१६८.१.५० आणि पोर्ट २५५६५ वर जोडून पाहा. जोडलं जात नसेल तर पहिला संशय कॉम्प्युटरच्या फायरवॉलवर. विंडोजमध्ये वायफाय नेटवर्क 'पब्लिक' प्रकारात असेल तर येणाऱ्या जोडण्या जास्त कडकपणे अडवल्या जातात. घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट' करा आणि त्या पोर्टसाठी इनबाउंड (येणाऱ्या जोडणीला परवानगी देणारा) नियम घाला. अँटिव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असेल तर तिथेही.

फायरवॉलचा एक बारकावा खूप वेळ खातो. नियमाच्या स्कोप भागात रिमोट पत्ता 'लोकल सबनेट' (फक्त घरचं नेटवर्क) असेल तर घरातून सगळं सुरळीत चालतं आणि बाहेरून काहीच येत नाही. वर सांगितल्याप्रमाणे बाहेरचा माणूस मशीनला परकाच दिसतो, म्हणून हा नियम त्याला लागू होत नाही. दोष मात्र राउटरवर जातो.

फायरवॉल ठीक असूनही जोडलं जात नसेल तर दोन्ही डिव्हाइस एकाच मुख्य नेटवर्कवर आहेत ना ते पाहा. गेस्ट वायफायवरची डिव्हाइस मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात. काही राउटरमध्ये मुख्य वायफायलाही 'एपी आयसोलेशन' असते.

तपासणी: घरातल्या दुसऱ्या डिव्हाइसवरून सेवा उघडते.

## टप्पा ३: मशीनचा आतला पत्ता पक्का करा

नियमात १९२.१६८.१.५० लिहिलं आणि आठवड्याने राउटरने कॉम्प्युटरला १९२.१६८.१.५३ दिला, की नियम रिकाम्या जागेकडे पाठवत राहतो. 'काल चालत होतं, आज बंद' याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

पत्ता पक्का करायचे दोन मार्ग आहेत. शक्य असेल तिथे डीएचसीपी (राउटरचं आपोआप पत्ते वाटणं) रिझर्व्हेशनच घ्या. राउटरमध्ये मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) आणि हवा तो आयपी यांची जोडी लिहायची. मशीनवर काहीच बदलावं लागत नाही, त्यामुळे चुकायलाही कमी वाव. दोन गोष्टी मात्र सांभाळा. लॅपटॉपच्या वायफायचा आणि केबलचा मॅक पत्ता वेगवेगळा असतो. रिझर्व्हेशन एकाचं आणि जोडणी दुसऱ्याने, असं सहज होतं. आणि यादृच्छिक हार्डवेअर पत्ता हा पर्याय त्या नेटवर्कसाठी बंद ठेवा, नाहीतर राउटर मशीनला ओळखणारच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे मशीनवरच स्टॅटिक पत्ता टाकणं. तो डीएचसीपी वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा हवा: राउटर १०० ते २०० वाटत असेल तर ५० चालेल, १५० नाही. सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएसही भरा. गेटवे चुकीचा असेल तर घरातून सेवा उत्तम चालेल, पण बाहेरच्या पॅकेटला उत्तर परत जाणार नाही. टप्पा २ पास आणि शेवटचा नापास, असं झालं तर गेटवे पाहायला विसरू नका.

याच जातीची आणखी एक चूक: सर्व्हर मशीनवर व्हीपीएन सुरू असणं. पॅकेट राउटरमधून आत येतं, उत्तर व्हीपीएनच्या बोगद्यातून भलत्याच पत्त्याने बाहेर पडतं आणि समोरचं डिव्हाइस ते ओळखतच नाही.

मशीन शक्यतो केबलने जोडा आणि स्लीप मोड बंद करा. झोपलेला कॉम्प्युटर बाहेरून बंद पोर्टसारखाच दिसतो.

तपासणी: मशीन नेटवर्कपासून तोडून पुन्हा जोडल्यावर पत्ता तोच येतो आणि गेटवेच्या जागी राउटरचाच पत्ता दिसतो.

## टप्पा ४: राउटरमधला नियम

हा भाग वेगवेगळ्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, व्हर्च्युअल सर्व्हर, नॅट फॉरवर्डिंग अशा नावांनी सापडतो. 'पोर्ट ट्रिगरिंग' ही वेगळी गोष्ट आहे. त्यात आतून आधी काही बाहेर गेलं तरच पोर्ट तात्पुरता उघडतो. सर्व्हरसाठी ते कामाचं नाही.

रकाने असे भरा:

१. नाव: नंतर तुम्हालाच ओळखता येईल असं, शक्यतो इंग्रजी अक्षरांत, काही राउटर देवनागरी घेत नाहीत.

२. बाहेरचा पोर्ट: २५५६५. सुरुवात आणि शेवट असे दोन रकाने असतील तर दोन्हीकडे तोच आकडा.

३. आतला पोर्ट: २५५६५.

४. आतला आयपी: १९२.१६८.१.५०. इथे राउटरचा पत्ता नाही आणि पब्लिक आयपीही नाही.

५. प्रोटोकॉल: टीसीपी.

६. इंटरफेस: विचारला तर प्रत्यक्ष इंटरनेट चालतं तोच निवडा. फायबरच्या डब्यांत फोनसाठी किंवा कंपनीच्या देखभालीसाठी वेगळे इंटरफेस असतात. त्यांपैकी एक निवडला गेला तर नियम यादीत दिसतो, पण निर्जीव असतो.

सावधान: 'सोर्स पोर्ट' असा रकाना असेल तर तो रिकामा ठेवा किंवा 'कोणताही' निवडा. तिथे २५५६५ लिहिणं ही अतिशय सार्वत्रिक चूक आहे. जोडणाऱ्याच्या बाजूचा पोर्ट दर वेळी वेगळा असतो, त्यामुळे नियम जवळजवळ कधीच लागू होत नाही. 'सोर्स आयपी' मात्र उपयोगी ठरू शकतो: एका ठराविक कायम पत्त्यावरूनच प्रवेश द्यायचा असेल तर तो तिथे लिहा.

प्रोटोकॉल अंदाजाने निवडू नका. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती २५५६५ टीसीपी वापरते, तर बेडरॉक आवृत्ती १९१३२ यूडीपी (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवणारा प्रोटोकॉल). वायरगार्ड नेहमी यूडीपी, सहसा ५१८२०. वेबसाइटसाठी ८० आणि ४४३, एसएसएचसाठी (दुरून मशीनवर कमांड चालवण्याची सेवा) २२, हे टीसीपी. 'दोन्ही' निवडलं तरी काम होतं, पण गरज नसलेला मार्गही मोकळा राहतो.

एकच बाहेरचा पोर्ट दोन मशीनकडे पाठवता येत नाही. घरात दोन सर्व्हर असतील तर दुसऱ्यासाठी बाहेरचा २५५६६ घ्या आणि आतला २५५६५ ठेवा. जोडणाऱ्याला मग पत्त्यापुढे २५५६६ लिहावं लागेल.

काही पोर्ट राउटरने स्वतःसाठीच अडवलेले असतात. दूरस्थ व्यवस्थापन सुरू असेल तर ४४३ किंवा ८०८० त्याच्याकडे असू शकतो. काही राउटर तसं स्पष्ट सांगतात, काही गुपचूप नियम साठवतात आणि पाळत मात्र नाहीत. यूपीएनपी (प्रोग्रॅमला स्वतःच नियम टाकू देणारी सोय) सुरू असेल तर एखाद्या प्रोग्रॅमने तोच पोर्ट आधीच घेतलेला नाही ना, तेही त्या यादीत पाहा.

तपासणी: सेव्ह किंवा अप्लाय दाबलं; पान पुन्हा उघडल्यावर नियम तसाच आहे आणि 'सुरू' दाखवतो.

## टप्पा ५: बाहेरून चाचणी

बाहेरून म्हणजे खरोखर बाहेरून. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या आणि पब्लिक आयपीला जोडा. घरच्याच वायफायवरून पब्लिक आयपी टाकून केलेली चाचणी फसवी असते. त्यासाठी राउटरला नॅट लूपबॅक (आतून पब्लिक पत्त्याकडे गेलेली विनंती परत आत वळवणं) यावं लागतं आणि ते प्रत्येकात नसतं. बाहेरून चालतं पण घरातून पब्लिक पत्त्याने चालत नाही, तर नियम ठीकच आहे. घरात आतला पत्ता वापरा.

पोर्ट तपासणाऱ्या साइटही उपयोगी, पण चाचणीच्या वेळी सर्व्हर चालू हवा आणि पोर्ट टीसीपी हवा. यूडीपीमध्ये न मागितलेल्या पॅकेटला उत्तर देण्याचं बंधन नाही. वायरगार्ड तर अनोळखी पॅकेटला मुद्दाम गप्प राहतं. तिथे प्रत्यक्ष क्लायंटनेच तपासा.

जोडलं गेलं नाही तर नकार कसा येतो ते बघा. लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर कोणीतरी ठामपणे नाही म्हटलंय: बहुधा पॅकेट मशीनपर्यंत पोचलं आणि त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नव्हतं. टप्पा २ वर परत जा. बराच वेळ वाट पाहून 'टाइम आउट' आलं तर पॅकेट किंवा त्याचं उत्तर वाटेत गडप झालं. फायरवॉल, चुकीचा आतला आयपी, सीजीनॅट, चुकलेला गेटवे, सगळे याच रांगेत.

ही रांग लहान करायची असेल तर सर्व्हर मशीनवर वायरशार्क किंवा टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे प्रोग्रॅम) लावून २५५६५ वरची वाहतूक बघा आणि मोबाइल डेटावरून पुन्हा जोडा:

- पॅकेट आलंच नाही: अडचण राउटरमध्ये किंवा त्याच्या बाहेर.
- आलं, पण उत्तर गेलं नाही: मशीनची फायरवॉल किंवा चुकलेला गेटवे.
- उत्तर गेलं, पण फोनपर्यंत पोचलं नाही: उत्तर भलत्या वाटेने जातंय, बहुतेक व्हीपीएन.

तासभर सेटिंग चाळण्यापेक्षा ही दोन मिनिटांची तपासणी जास्त सांगते. पॅकेट येतच नसेल आणि पोर्ट २५, ८० किंवा ४४५ असेल, तर बाहेरचा पोर्ट बदलून एखादा मोठा आकडा घेऊन पाहा. हे पोर्ट काही कंपन्या स्वतःच अडवतात.

## टप्पा ६: बदलणारा पब्लिक पत्ता

घरगुती जोडणीचा पब्लिक आयपी बहुधा बदलता असतो. डायनॅमिक डीएनएस घेतलं की एक कायमचं नाव मिळतं आणि राउटर किंवा मशीनवरचा छोटा प्रोग्रॅम त्या नावामागचा पत्ता ताजा ठेवतो. डबल नॅट दोन नियमांनी सोडवलं असेल तर हे काम राउटरला देऊ नका. तो आपला खाजगी वॅन पत्ताच नोंदवण्याची शक्यता असते. मशीनवरचा प्रोग्रॅम बाहेरून दिसणारा पत्ता विचारून घेतो.

आयपीव्ही६ चं गणित वेगळं. तिथे मशीनला स्वतःचा जागतिक पत्ता असतो, त्यामुळे पत्ता बदलण्याचा नियम लागत नाही; राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी आणि पोर्टसाठी परवानगी द्यायची. जोडणाऱ्याकडेही आयपीव्ही६ असायला हवं.

## काय उघडू नये

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, फाइल शेअरिंगचा ४४५, कॅमेऱ्याचं किंवा नॅसचं (नेटवर्कवरच्या फाइल साठवणाऱ्या डब्याचं) लॉगिन पान आणि राउटरचं स्वतःचं पान: यांपैकी काहीही थेट बाहेर आणू नका. उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम संपूर्ण इंटरनेट सतत चाळत असतात. २०१६ मधल्या मिराई या मालवेअरच्या हल्ल्यांत वापरलेले कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच होते. घरच्या फाइल किंवा कॅमेरा बाहेरून पाहायचा असेल तर वायरगार्डचा एकच यूडीपी पोर्ट उघडा आणि बाकी सगळं त्या व्हीपीएनमधून वापरा.

बाहेरचा पोर्ट २२ ऐवजी ५००२२ केल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. एसएसएच उघडायचंच असेल तर पासवर्ड लॉगिन बंद करून फक्त 'की'ने (चावीच्या फाइलने) लॉगिन ठेवा. डीएमझेड म्हणजे एका मशीनचे सगळे उरलेले पोर्ट बाहेर काढणं. चाचणीसाठी म्हणून सुरू केलं तर चाचणी संपताच बंद करा. तसंही मशीनची फायरवॉल किंवा सीजीनॅट ही कारणं त्याने सुटत नाहीत. यूपीएनपी बंद ठेवलेलं बरं, कारण त्यात कोणताही प्रोग्रॅम तुम्हाला न विचारता असेच नियम टाकू शकतो.

सेवा बंद केली की नियमही काढा, आणि रिझर्व्हेशन काढण्याआधी काढा. नाहीतर उद्या १९२.१६८.१.५० हा पत्ता दुसऱ्याच एखाद्या डिव्हाइसला मिळेल आणि बाहेरून येणारी प्रत्येक विनंती थेट त्याच्याकडे जाईल.